संक्रांतीच्या हळदी-कुंकवात एचआयव्हीबद्दल बोलायचं आहे. काय बोलू, कसं बोलू?

मलप्रभाकाठ

नमस्कार. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात सरकारी मराठी शाळेत तीस वर्षं शिकवून मी निवृत्त झाले. आता गावातल्या स्त्रीशक्ती संघांचं, म्हणजे बायकांच्या बचत गटांचं, लिहिण्या-वाचण्याचं काम बघते. दर संक्रांतीला देवळाच्या मंडपात सगळ्या संघांचं मिळून हळदी-कुंकू होतं, दीडशेच्या वर बायका येतात. एरवी ग्रामसभेला पंधरा जमत नाहीत. म्हणून यंदा त्या गर्दीतला अर्धा तास मागून घेतलाय. विषय एचआयव्ही.

कारण सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि तिला विचारूनच लिहितेय. माझी एक जुनी विद्यार्थिनी, वय चोवीस-पंचवीस, तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवायला दवाखान्यात गेली. रक्त तपासलं, मग परत तपासलं, मग तालुक्याला पाठवलं. नवरा गोव्यात हॉटेलच्या कामाला, महिना-दोन महिन्यांनी येणारा. त्या संध्याकाळी ती माझ्या ओसरीवर येऊन बसली. हातातला कागद घड्या घालून घालून मऊ झाला होता. म्हणाली, "बाई, मी तर कुठं गेले नाही, काय केलं नाही. मला कसं झालं?"

कागदासोबत तिला एक माहितीपत्रक मिळालं होतं, पूर्ण कन्नडमध्ये. ती मराठी शाळेत शिकलेली. कन्नड थोडंफार बोलते, वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं. माहिती बरोबर होती, पण वरचं चित्र ट्रक ड्रायव्हरचं आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या बाईचं. ती त्या चित्राकडेच बघत राहिली. लग्नाच्या नवऱ्याशिवाय ज्या बाईच्या आयुष्यात कुणी नाही, तिच्यासाठी त्या कागदात एकही ओळ नव्हती.

मंडपात सासवा आणि सुना एकाच सतरंजीवर बसलेल्या असणार. अठरा वर्षांच्या मुलीही, सत्तरीच्या आज्याही. इथं दवाखान्यात काम करणारे, या कामातले कुणी असतील तर सांगा. मला चुकीचं एक वाक्यही बोलायचं नाही.

सिस्टर_हुक्केरी

बाई, आधी तुमच्या विद्यार्थिनीचं बोलू, कारण ते तातडीचं आहे.

तिसऱ्या महिन्यात कळलं हे चांगलं झालं. काहीच उपचार केले नाहीत तर आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण शेकडा 15 ते 45 असतं. आईने वेळेत गोळ्या चालू केल्या, बाळाला जन्मल्यावर औषध दिलं, तर ते शेकडा 5 च्या खाली येतं. पूर्वी आम्ही बाळंतपणाच्या वेळी एकच गोळी द्यायचो. 2014 पासून गरोदर बाईला लगेच आणि जन्मभराची एआरटी, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणारी औषधं, चालू करतात. आता बहुतेकांना रोज एकच गोळी असते, तिच्यात तीन औषधं असतात. सगळं फुकट. तिला सांगा की एकही दिवस चुकवायचा नाही, आणि बाळंतपण दवाखान्यातच, सिस्टरला आधी सांगून.

बाळ झाल्यावर कमीत कमी सहा आठवडे सिरप. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्यायचं. आईचं थोडं, वरचं थोडं असं मिसळून देऊ नये, त्याने धोका वाढतो. सासू मध किंवा गाईचं दूध चाटवायला बघते, तिथे तिने ठाम राहायला हवं. सहाव्या आठवड्यात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन पहिली तपासणी होते. पक्का निकाल अठरा महिन्यांनी.

आता संक्रांतीचं. मी बावीस वर्षं गावोगाव फिरतेय. "आज आपण एड्सबद्दल बोलू" म्हटलं की बायका पदर सावरून उठतात. "अंगावरून पांढरं जातं का, खाज सुटते का, ओटीपोट दुखतं का?" असं विचारलं की सरकून पुढे येतात. तिथूनच चालू करा. ते त्यांचं रोजचं दुखणं आहे, वर्षानुवर्षं अंगावर काढलेलं. सगळंच पांढरं जाणं हा आजार नसतो, पण वास, खाज, फोड, जखम असेल तर तपासायला हवं, कारण तिथली त्वचा सोललेली असली की एचआयव्हीला आत शिरायला वाट सोपी होते. बाईच्या शरीराची रचनाच अशी आहे की पुरुषाकडून तिला लागण होणं जास्त सोपं असतं.

सरकारी दवाखान्यात यासाठी रंगीत पाकिटातली औषधं असतात, पांढरं जाण्यासाठी हिरवं, ओटीपोटातल्या दुखण्यासाठी पिवळं. सिस्टरला दाखवलं की मिळतं. पण एकटीने घेऊन भागत नाही. लैंगिक आजार असेल तर जोडीने औषध घ्यावं लागतं. नवऱ्याने घेतलं नाही तर महिन्याभरात परत तेच. बायकांना हे पटकन पटतं, कारण त्यांनी ते अनुभवलेलं असतं. "पांढऱ्याचं औषध जोडीनं, तशी रक्ताची तपासणीही जोडीनं." हे वाक्य मी प्रत्येक गावात बोलते.

परंपरा_जपा

हळदी-कुंकू हा सवाष्णींचा मंगल सण आहे. त्यात असला विषय नको असं मला वाटतं. लहान मुली असतात. दवाखान्यात वेगळं शिबिर घ्या, विरोध नाही.

सिस्टर_हुक्केरी

दवाखान्यातल्या शिबिराला किती जणी येतात ते मी बघितलंय. ज्या येतात त्या आधीच आजारी असतात. लहान मुलींची तुमची काळजी मला समजते, पण अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन जाणाऱ्या मुलीला हे कळायची वेळ लग्नाआधीची आहे.

वेदगंगा

मी निपाणीची. आई बिडी कामगार, चाळीस वर्षं तिने बिड्या वळल्या. सूप मांडीवर, त्यात तंबाखू, बाजूला कापलेली पानं आणि दोऱ्याची गुंडी. दिवसाला हजार बिड्यांचा हिशोब पुरा करायचा म्हणजे मान वर काढायला वेळ नाही.

लहानपणी त्या ओसरीवर मी काय काय ऐकलंय. कुणाचा नवरा काय करतो, कुणाला दिवस राहिलेत, कुणी कुठलं औषध घेतलं. हात चालू आणि नजर खाली असली की बायका सगळं बोलतात. समोरासमोर बघून बोलायचं म्हटलं की गप्प होतात. आमच्या गल्लीत आरोग्याचं सांगायला ज्या ताई यायच्या त्या आधी सूप घेऊन बसायच्या, दोन-चार बिड्या वळायच्या, त्यांना धड जमायच्या नाहीत, आई त्यांना शिकवायची. मग हळूच विषय निघायचा.

म्हणून माझं सांगणं, मंडपात माईकवर भाषण करू नका. दहा-दहा जणींचे घोळके करा आणि हाताला काम द्या. तिळगुळाच्या पुड्या बांधायला द्या, वाती वळायला द्या.

आणखी एक. आमच्याकडे दोन लेकरं झाली की बाईचं ऑपरेशन होतं, पंचविशीच्या आतसुद्धा. त्यानंतर घरात निरोधचं नाव निघत नाही, कारण तो फक्त पाळणा लांबवायला असतो अशी समजूत. माझ्या मावशीला नवऱ्याबद्दल शंका होती. एकदा धीर करून निरोधचं म्हणाली, तर तो म्हणाला, "तुझं ऑपरेशन झालंय, मग तुला भीती कशाची? तूच कुठं जातीस का?" मावशी परत कधी बोलली नाही. ऑपरेशनने दिवस राहत नाहीत, पण आजार थांबत नाही, हे अगदी याच शब्दांत सांगायला पाहिजे.

डोंगरावरची

मी सांगतीया, माझी लेक टाइप करतीया. मला लिवायला येत न्हाई.

मला नवव्या वर्षी यल्लम्माला सोडलं. कायदा 1982 चा हाय असं म्हंत्यात, पण आमच्या घरात कायदा कुणाला ठाव? मोतं, म्हंजी देवीच्या नावाचे मणी, गळ्यात बांधलं, जोगवा मागितला, मग मोठी झाल्यावर जे व्हायचं ते झालं. पुढं घटप्रभेच्या 'मास' संस्थेच्या बायका आमच्या वस्तीत आल्या. त्या पण आमच्यातल्याच, माजी देवदासी. त्यांच्यातल्याच सीतव्वा जोडट्टींना 2018 ला पद्मश्री मिळाला, आपल्याच जिल्ह्यातल्या. पलीकडं सांगलीत पण आमच्यासारख्या बायकांनी संघटना बांधली हाय, ती पण लई जुनी. त्या सगळ्यांचं बघून मी पियर म्हणून, म्हंजी आपल्यातल्याच बायकांना सांगणारी म्हणून, काम केलं, बारा वर्सं.

पैल्यांदा आमाला निरोधची खोकी दिली. आमी घेऊन ठेवली. गिऱ्हाईक न्हाई म्हणालं की आमी गप्प. मग आमी सगळ्या बसलो आणि ठरवलं की वस्तीतली एक पण बाई निरोधशिवाय बसणार न्हाई. एकीनं न्हाई म्हणलं तर गिऱ्हाईक दुसरीकडं जातं, सगळ्यांनी न्हाई म्हणलं तर जाणार कुठं? तवापासून बदललं. पेटी तीच हुती. आमी एक झालो म्हणून ती कामाला आली.

आता मला तुमास्नी इचारायचं हाय. माझ्याकडं येणारा गडी कुणाचा तरी नवरा हाय. मला माझी तपासणी सहा महिन्याला करायची सवय हाय, निरोध कसा वापरायचा, कुठली गोळी, कुठला दवाखाना, सगळं पाठ हाय. त्याच्या घरातल्या बाईला ह्यातलं काय ठाव हाय? तिला कुणी सांगितलं? सगळ्या संस्था आमच्याकडंच आल्या, कारण आमच्यापास्नं पसरतं म्हणून. तिच्या दाराला कुणी गेलं न्हाई.

मलप्रभाकाठ

अक्का, तुमचं लिहिलेलं मी तीनदा वाचलं. माझ्या ओसरीवर बसलेल्या पोरीला जे हवं होतं ते सगळं तुमच्याकडे आहे. इतकी वर्षं मीसुद्धा समजत होते की शिकवायचं तुम्हाला आहे आणि आम्ही घरच्या बायका सुरक्षित आहोत. तुम्ही आमच्या गावी याल का? येण्या-जाण्याचं मी बघते.

पूना_बेंगलोर_रोड

मी या मार्गावर एकोणीस वर्षं ट्रक चालवतो. कागल, कोगनोळी, निपाणी, संकेश्वर, हत्तरगी, बेळगाव. या रस्त्यावरच्या शिबिरांत माझी तीनदा तपासणी झाली. निरोध मिळाले, सगळं समजावलं. चांगलं काम होतं. पण एकदाही कुणी विचारलं नाही की बायकोला आणून तपासशील का? मलाही सुचलं नाही. माझा निकाल चांगला आला, मी सुटलो, असंच डोक्यात. घरी गेल्यावर बायकोला मी तपासणीचं बोललोही नाही, कारण तपासणी केली म्हणजे कुठेतरी गेलो असणार असं ती म्हणेल ही भीती.

बायकांनी नवऱ्याला "तू कुठं गेला होतास" असं विचारलं की आम्ही चवताळतो, खरं सांगतो. दवाखान्याच्या तोंडून आलं की ऐकतो. माझ्या धाकट्या भावाला बायकोच्या बाळंतपणात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "बाळासाठी दोघांचं रक्त बघायचं असतं." गुमान गेला. मुलाच्या नावाने पुरुष हलतो.

समुपदेशक_सीमाभाग

सीमेच्या दोन्ही बाजूंना तपासणी केंद्रांत काम केलंय, म्हणून थोडं नेमकं लिहितो.

मला सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न तुमच्या विद्यार्थिनीचाच, "मला कसं झालं?" भारतात एचआयव्हीसह जगणाऱ्यांत 44 टक्क्यांच्या आसपास बायका आहेत. यातल्या कितीतरी जणींनी नवऱ्याशिवाय कुणाशी संबंध ठेवलेला नाही. उलट माहितीचं बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत एचआयव्हीची नीट, पूर्ण माहिती असलेल्या बायका शेकडा 22 आणि पुरुष शेकडा 31 निघाले. म्हणजे दोघेही अंधारात, बाई जरा जास्त.

मंडपात या गोष्टी सांगाच. एकत्र जेवण, एका ग्लासातलं पाणी, संडास, कपडे, डास, मिठी यांनी लागण होत नाही. लागण झाल्यावर लगेचची तपासणी चुकू शकते, म्हणून धोका घडून गेल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं. बलात्कार झाला, किंवा सुई टोचली, तर 72 तासांच्या आत सरकारी दवाखाना गाठला की 28 दिवसांच्या गोळ्या मिळतात आणि लागण टाळता येते. जितक्या लवकर तितकं चांगलं. पोलिसांत आधी जावं की नंतर या चर्चेत ते तास जाऊ देऊ नयेत.

आणि जी गोष्ट अजून सगळ्या गावांत पोचलेली नाही ती ही, की नियमित गोळ्यांनी रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही, आणि अशा माणसाकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. त्यासाठी व्हायरल लोडची, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे याची, तपासणी वेळच्या वेळी हवी. बऱ्याच नवऱ्यांना मी हे सांगितल्यावरच ते गोळ्या घ्यायला तयार झाले.

ओळखीचं कुणी बघेल म्हणून चिकोडी-अथणीकडची माणसं मिरज-कोल्हापूरला जातात, आणि तिकडची इकडे येतात. त्यात चूक नाही. एआरटी केंद्र बदलून घेता येतं, कागद घेऊन जायचा. औषध मात्र मध्ये तुटू द्यायचं नाही. तब्येत स्थिर असेल तर तीन महिन्यांच्या गोळ्याही एकदम मिळू शकतात, गोव्याला किंवा ऊसतोडीला जाणाऱ्यांनी ते विचारून घ्यावं.

कायद्याचं थोडं. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, निकाल दुसऱ्याला सांगता येत नाही, नोकरीवरून किंवा शाळेतून काढता येत नाही. नवऱ्याला सांगण्याने बाईला मारहाण होईल अशी भीती असेल तर डॉक्टर किंवा समुपदेशक परस्पर सांगू शकत नाही. आणि राहत्या घरातून तिला बाहेर काढता येत नाही. सुनेला माहेरी पाठवून देण्याचे प्रकार मी इतके बघितलेत की हे शेवटचं मोठ्याने सांगा. शंका असेल तर 1097 या फुकट क्रमांकावर फोन करावा, नाव सांगावं लागत नाही.

अनामिक_चिकोडी

पहिल्यांदाच लिहितेय.

माझे मालक 2009 मध्ये गेले. शेवटचे चार महिने आम्ही एका खासगी दवाखान्यात होतो, तिथे कॉटला लाल पट्टी लावली होती आणि जेवणाचं ताट बाहेर ठेवायचे. तेव्हा माझी तपासणी झाली. पंधरा वर्षांहून जास्त झालं मी गोळ्या खातेय. शेतात काम करते, मुलगा इंजिनियर झाला, त्याला लागण नाही.

मलप्रभाकाठ ताई, तुम्ही इतक्या कळकळीने करताय म्हणून सांगावंसं वाटलं. तुमच्या हळदी-कुंकवाला मी येऊ शकत नाही. मला कुणी बोलावणार नाही. ज्यांचे नवरे या आजाराने गेले त्या सगळ्या विधवा आहेत. आमच्या गल्लीत अशा तीन आहोत. आमच्यातल्या एकीला तर अजून तपासणीचंच माहीत नाही. नवरा गेल्यावर ती कधी दवाखान्यात गेलीच नाही, तिला वाटतं आता काय बघायचं राहिलं.

डोंगरावरची

बाई, ह्या ताईचं खरं हाय. आमी यल्लम्माच्या डोंगरावर मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवेला बांगड्या फोडायचो, अहेव पुनवेला परत भरायचो. देवीसाठी दरवर्साला रांडमुंड हुयाचं आणि परत अहेव. ज्या बाईचा नवरा खरा गेला तिला परत बांगड्या कोण भरत न्हाई. मला पण हळदी-कुंकवाला कोण बोलवत न्हाई, तुमी बोलावलं म्हणून मी आज दिवसभर इचारच करतीया की मंडपात बसायचं कुठं.

मलप्रभाकाठ

उत्तर द्यायला दोन दिवस लागले. काल संघाच्या बैठकीत दोघींचं लिहिलेलं वाचून दाखवलं, नावगाव न सांगता. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग अध्यक्षीण बोलल्या. त्यांची स्वतःची नणंद विधवा आहे, घरातच असते, आणि दर संक्रांतीला त्या दिवशी ती शेतात निघून जाते.

शिरोळ तालुक्यातलं हेरवाड आपल्यापासून लांब नाही. तिथल्या ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवांच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, ते मी त्यांना सांगितलं. ठरलं असं की यंदा मंडपात तिळगूळ मेळावा करायचा, सगळ्या बायकांचा. दाराशी कुंकू लावायला माणूस ठेवायचं नाही. मध्ये हळद-कुंकू, गजरे आणि तिळगुळाचं तबक ठेवायचं, जिला हवं ती घेईल. चार जणी नाराज आहेत. त्यांनी वेगळं हळदी-कुंकू घरी करावं, भांडण नको.

'परंपरा_जपा' यांनाही मी आग्रहाने बोलावते, येऊन बघावं.

वाण म्हणून यंदा प्लास्टिकचे डबे न देता मराठी पत्रक देणार आहोत, कापडी पिशवीत. मसुदा असा: "एचआयव्ही हा एक विषाणू असून तो मानवी शरीरातील रोगप्रतिकारशक्ती नष्ट करतो. त्याचा प्रसार चार मार्गांनी होतो..." बघून सांगा.

सिस्टर_हुक्केरी

बाई, राग मानू नका, हे पाठ्यपुस्तक झालं. पहिल्या दोन ओळींतच ते पत्रक पिशवीत परत जाईल. जिने तुम्हाला विचारलं तिचाच प्रश्न वर छापा.

वेदगंगा

अक्षरं मोठी. आईला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढी. आणि "रोगप्रतिकारशक्ती" नको, "आजाराशी झगडायची ताकद" म्हणा.

मलप्रभाकाठ

रात्री बसून परत लिहिलं. असं झालंय:

"मी कुठं गेले नाही, मला कसं होईल? होऊ शकतं. नवऱ्याकडून बायकोला होतं, आईकडून बाळाला होतं. यात बाईचा दोष नाही.

ऑपरेशन झालं तरी आजार लागू शकतो. आजार थांबवतो तो निरोध.

अंगावरून वास येणारं पांढरं जात असेल, खाज, फोड, जखम असेल तर लाजू नका. औषध दोघांनी घ्यायचं.

पोटात बाळ असेल तर तायी कार्ड (गरोदरपणाचं कार्ड) काढतानाच दोघांचं रक्त तपासा. दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायकांची तपासणी असते, त्या दिवशी नवऱ्याला सोबत आणा.

नवरा गेला असेल, कशाने गेला माहीत नसेल, तरी एकदा तपासून घ्या. औषध आहे, फुकट आहे, माणूस जगतं.

जबरदस्ती झाली तर तीन दिवसांच्या आत सरकारी दवाखाना.

तुमचा निकाल तुमचा आहे. कुणी फोडू शकत नाही. घरातून कुणी काढू शकत नाही. विचारायला फोन: 1097."

समुपदेशक_सीमाभाग

"तीन दिवसांच्या आत" वाचून लोक तिसऱ्या दिवशी येतात. "लगेच, उशिरात उशिरा तीन दिवसांत" असं करा. बाकी उत्तम.

मलप्रभाकाठ

मेळावा झाला. एकशे ब्याण्णव बायका. घोळके करून बसलो, सगळ्या पुड्या बांधत होत्या. अक्का लेकीला घेऊन आल्या आणि मध्येच बसल्या. त्यांनी लाकडी दांड्यावर निरोध कसा चढवायचा ते दाखवलं तेव्हा आज्या सर्वात पुढे सरकल्या. एका सत्तरीच्या आजींनी विचारलं, "आमच्या वेळी हे का नाही सांगितलं?" त्यांचा मोठा मुलगा आणि सून दोघंही गेलेत, नातू त्या वाढवतात. अक्का त्यांच्या शेजारी बसून राहिल्या, बराच वेळ.

अध्यक्षीणबाईंच्या नणंद आल्या होत्या. गजरा घेतला, कुंकू नाही घेतलं.

सगळं जमलं असं नाही. शेवटी पत्रकं मोजली तर तीसेक सतरंजीवरच सोडून गेल्या होत्या. तरण्या सुना सासू शेजारी असताना काहीच बोलल्या नाहीत. पुढच्या वेळी वयाप्रमाणे घोळके करायला हवेत.

अनामिक_चिकोडी

आमच्या गल्लीतल्या तिला मी ते पत्रक मोबाइलवर दाखवलं. "नवरा गेला असेल" ही ओळ तिने दोनदा वाचायला लावली. सोमवारी आम्ही दोघी बसने मिरजेला जाऊन आलो. निकाल तिचा आहे, म्हणून इथे लिहीत नाही. ती आता एकटी नाही एवढंच.

मलप्रभाकाठ

आषाढात धागा वर काढतेय, कारण विचारणारे बरेच आहेत. माझ्या विद्यार्थिनीला मुलगी झाली, पावणेतीन किलो. सहाव्या आठवड्याच्या तपासणीत बाळात विषाणू सापडला नाही. पुढच्या तपासण्या आहेतच, अठरा महिने जायचेत. नवऱ्याचीही तपासणी झाली, त्यालाही गोळ्या चालू आहेत, गोव्याला जाताना तीन महिन्यांच्या घेऊन जातो. सासू अजून तिचं ताट वेगळं ठेवते. सिस्टर दोनदा घरी जाऊन समजावून आल्या. मी दर गुरुवारी जाते आणि तिच्याच ताटात जेवते, सासूबाईंच्या समोर.

अथणीकर

ताई, पत्रक मिळेल का? आमच्या गल्लीत निम्म्या बायका मराठी, निम्म्या कन्नड. मराठी पत्रक वाटलं तर कन्नडवाल्या बायका तुमच्या विद्यार्थिनीसारख्याच हातात कागद घेऊन बसतील.

मलप्रभाकाठ

बरोबर आहे. मागची बाजू कोरीच आहे. डोंगरावरच्या अक्कांना कन्नड मराठीपेक्षा चांगलं येतं, त्यांना विचारते.

डोंगरावरची

लेकीला बसवलंय लिवायला. तिला कन्नड लिवायला येतंय. रविवारी देतो.